गिरजाईचा थांबा

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. बोरखिंडीच्या माळावरून तेव्हा नुसती पायवाट जायची, आणि त्या गावात गिरजाई नावाची सुईण राहायची. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली, असं म्हणतात. सापाला किंवा ओढ्याच्या पुराला ती कधी भ्याली नाही. भ्यायची ती फक्त कुत्र्याला. लहानपणी एक परकं कुत्रं पाहून ती पळाली होती आणि त्यानं तिची पोटरी फोडली होती. तो व्रण म्हातारपणीही तसाच होता. कुत्रं दिसलं की ती वाट बदलायची.

एका उन्हाळ्यात धनगरांनी माळावर कापडी पालं ठोकून तळ दिला. पुरुषमाणसं मेंढरं घेऊन लांब गेली आणि भरदुपारी तळावरची सून बाळंतपणात अडली. जवळ एकटी सासू. सरपणाला गेलेल्या बायकांनी सुनेचं ओरडणं ऐकून गावात सांगितलं, तसे चार गडी काठ्या घेऊन धावले. राखणीची कुत्री भुंकत आली. गड्यांनी दगड उचलले, आणि मग ती अशी खवळली की दोघं रक्ताळून परत आले.

ते रक्त पाहून गिरजाईचा हात पोटरीवरच्या व्रणाकडे गेला. पण उशीर झाला तर बाळही जाईल आणि बाळंतीणही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"काकू, नगं जाऊस. फाडून खातील," गडी म्हणाले.

"पळणाऱ्याला फाडत्यात," ती म्हणाली. "काठ्या हितंच ठेवा. माझ्यामागं कुणी यायचं न्हाई."

तळ शंभर पावलांवर राहिला तेव्हा तीन कुत्री सुटली. पुढे एक काळा, वासराएवढा. गिरजाई होती तिथेच थांबली. तिनं हात पदराखाली घेतले, अंग जरासं तिरकं केलं आणि नजर जमिनीवर ठेवली. हाकलायला हात उगारला नाही, चुचकारायलाही पुढे केला नाही. तिनं नुसती हाक दिली, "पालात कोन हाय? कुत्र्यास्नी आवरा."

आतून सासूचा आवाज आला, "हिला सोडून कशी येऊ गं बाय?"

कुत्री गुरगुरत तिच्याभोवती फिरू लागली. पालातून किंकाळी आली की तिचा जीव पुढे धावायचा, पण पाय तिनं हलू दिले नाहीत. ती इतकी निश्चल उभी राहिली की रानातला एक होला उडत येऊन तिच्या खांद्यावर बसला, असं म्हणतात. सूर्यही थांबला आणि तिच्या सावलीनं जागा सोडली नाही, असं म्हणतात. सूर्याचं मला विचारू नका. पण त्या बाईला तिथे उभं राहायला किती बळ लागलं असेल, ते मला कळतं.

अखेर काळा जवळ आला. त्यानं तिचं लुगडं हुंगलं, पोटरीवरचा जुना व्रण हुंगला आणि तो चाटला. मग वळून तो पालाकडे चालू लागला. गिरजाई त्याच्यामागून गेली, पण तेव्हाही धावली नाही. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, आईही वाचली. पुढे गिरजाई वारली तेव्हा तीन दिवस माळावर एकही कुत्रं भुंकलं नाही, असं म्हणतात.

ती उभी होती तिथे आज एक शिळा आहे. माळावरून गावात कुणाच्याही दारी जाणारा माणूस तिथे काठी टेकवून ठेवतो, लेकरांना हात आवरायला सांगतो, आणि मग घराबाहेर थांबून हाक देतो, "कुत्र्यास्नी आवरा." घरचं माणूस येईपर्यंत तो पाऊल टाकत नाही. आणि हाक ऐकू आली की बोरखिंडीत बाई भाकरी तव्यावर टाकून, पिठाच्या हातांनी बाहेर येते. भाकरी करपली तर करपली. त्या दिवशी आतलीला येता आलं नव्हतं, हे गाव अजून विसरलेलं नाही.