चपलेचा आतला तळ

"…पण बुवा, हे काम मीच का करायचं?"

तुळाजीबुवांनी मान वर केली नाही. मठाच्या पायरीवर बसून ते एका चपलेचा आतला तळ ओल्या फडक्याने पुसत होते.

"दुसरं कुणी नाही का?" विश्वंभरने पुन्हा विचारलं.

"आहे ना. मी आहे."

"मग…"

"माझे हात आता कापतात," बुवा म्हणाले आणि त्यांनी फडकं त्याच्यापुढे धरलं.

विश्वंभरला मठात येऊन दीड वर्ष झालं होतं. त्याआधीची बारा वर्षं त्याने काशीत काढली होती. उपनिषदं त्याला मुखोद्गत होती. सकाळच्या प्रार्थनेनंतर तो प्रवचन करी, आणि ते ऐकायला लांबून माणसं येत. बुवांच्या मागे हा मठ आपण सांभाळणार, असं त्याने मनाशी धरलं होतं. इतरांनीही.

गिरणा नदीकाठचा तो मठ लहानसाच. शेजारी कुष्ठरोग्यांची वस्ती होती. औषधाने त्यांचा रोग बरा झाला होता, पण पायांची गेलेली जाणीव परत आली नव्हती. पायाखाली निखारा आला तरी कळायचं नाही. बहुतेकांच्या हातांची बोटंही बधिर. दवाखान्यातून त्यांना मऊ रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला मिळत. दोघातिघांना वस्तीतल्याच एका कारागिराने बूट करून दिले होते. रोज सकाळी चौदा माणसं प्रार्थनेला येत आणि चौदा जोड पायरीवर ओळीने लागत.

आत प्रार्थना चाले तेव्हा बुवा बाहेर असत. एकेक चप्पल उचलायची. तळावर घामाने धरलेला मातीचा थर फडक्याने काढायचा. मग उघडा पंजा टाचेपासून बोटांपर्यंत दाबत न्यायचा. बुटांचे सुटे तळ बाहेर काढून उन्हात ठेवायचे. चौदा जोड होईपर्यंत प्रार्थना संपलेली असे. बावीस वर्षं बुवांनी ती पायरीवरूनच ऐकली होती.

विश्वंभरने फडकं घेतलं.

पहिले दिवस त्याला जड गेले. घामाचा वास बोटांना राही आणि जेवताना नाकाशी येई. राखेने हात घासले तरी जात नसे. चौथ्या दिवशी त्याने एक काठी शोधली आणि तिच्या टोकाला फडकं गुंडाळलं. काम लवकर उरकू लागलं. हातही स्वच्छ राहू लागले.

बुवांनी काठी पाहिली… काही बोलले नाहीत.

पुढे विश्वंभरला त्या कामाची गोडी लागली. आपला अहंकार गळावा म्हणूनच गुरूंनी हे दिलं आहे, असं त्याने ठरवून टाकलं. काठी फिरवताना तो डोळे मिटून नाम घेई. प्रवचनाला आलेले लोक पायरीशी थबकत. एवढा विद्वान माणूस, आणि चपला पुसतो. एकाने तर तिथेच वाकून त्याला नमस्कार केला. विश्वंभरने त्याला सांगितलं, की ही अगदी लहानशी सेवा आहे, तिचं काय एवढं. हे सांगताना त्याला फार बरं वाटलं.

वस्तीत कौतिकाबाई सगळ्यांत जुनी. नजर अधू झालेली, हाताची बोटं आखडलेली. माघातल्या एका सकाळी ती नवं लुगडं नेसून आली. प्रार्थना झाली की परस्पर लेकीच्या गावी निघणार होती. नातवाचं बारसं होतं. वाट तीन कोसांची, पण तिला कुणाची सोबत नको होती.

त्याच सकाळी नाशिकहून दोन गृहस्थ आले होते. माया म्हणजे नक्की काय, असं ते विचारत होते आणि विश्वंभर त्यांना समजावत होता. बोलता बोलताच त्याने कौतिकाबाईच्या चपलांवरून काठी फिरवली. तळ स्वच्छ दिसला. त्याने जोड ओळीत ठेवून दिला.

उजव्या चपलेत खालून बाभळीचा काटा शिरला होता. त्याचं टोक तळाच्या बरोबरीला येऊन थांबलं होतं. वरून पुसलं तर दिसत नव्हतं. भार पडला की वर येत होतं.

कौतिकाबाई तीन कोस चालली.

लेकीच्या उंबऱ्यावर तिने चपला काढल्या, तेव्हा फरशीवर रक्ताचा ठसा उमटला. लेक घाबरली. तिने पाय धुतला, हळद भरली, चिंधी बांधली. बाईने मात्र मांडी घालून नातवाचा पाळणा म्हटला, सगळी कडवी म्हटली. तिला दुखत नव्हतंच.

पाचव्या दिवशी ताप चढला. पाय काळवंडला होता. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी अर्धं पाऊल काढलं.

हे सांगायला तिचा जावई मठात आला. त्याचा कुणावर राग नव्हता. पायाला आता वेगळा बूट लागणार, तो वस्तीतला कारागीर करून देईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मापाला म्हणून त्याने ती चप्पल आणली होती. काटा अजून तसाच आहे, हात जपून लावा, असं त्याने जाताना सांगितलं.

बुवांनी ती चप्पल विश्वंभरपुढे धरली.

"हात ठेव."

आतला तळ वाळून काळा पडला होता. विश्वंभरने त्यावर पंजा ठेवला.

"दाब."

त्याने दाबलं… आणि हात झटकन मागे घेतला. तळहातावर रक्ताचा थेंब आला.

"हात का काढलास?"

"टोचलं."

"तिला नाही टोचलं," बुवा म्हणाले.

…

विश्वंभर पायरीवर बसून राहिला. ऊन पायरीवरून खाली उतरलं. मग तो हळूच म्हणाला, "बुवा, मी काठी वापरत होतो."

"पाहिली होती मी."

"मग बोलला का नाहीत?"

बुवांनी ती चप्पल उचलून मांडीवर घेतली.

"तुझं तुला कळेल म्हणून थांबलो," ते म्हणाले. "तुला शिकवायला मी तिचा पाय पणाला लावला… चुकलो."

गुरूच्या तोंडून असा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. काशीतही नाही. त्या दिवशी दोघांपैकी कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर विश्वंभर चालत तालुक्याला गेला. कौतिकाबाई खाटेवर बसून होती. पायाला पांढरी पट्टी. त्याने खाली बसून तिला सगळं सांगितलं. काठी सांगितली, घामाचा वास सांगितला, नाशिकचे गृहस्थ सांगितले. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, की आता मठात राहायचा आपल्याला अधिकार नाही. आपण अनवाणी नर्मदेची परिक्रमा करणार आहोत. तेच प्रायश्चित्त.

कौतिकाबाईने अधू नजरेने त्याच्या पायांकडे पाहिलं.

"अनवाणी जाल," ती म्हणाली. "पाय सोलून निघतील तुमचे. माझ्या पायाला त्याचं काय?"

त्याने पाय आखडून घेतले.

"मला कळलं असतं ना शास्त्रीबुवा, तर काटा मीच काढला असता. मला कळत नाही, म्हणून तर चप्पल तुमच्यापाशी ठेवते."

ती दमली. उशीला टेकली. डोळे मिटून घेतले. तो उठायला लागला तेव्हा तिने पुन्हा विचारलं.

"आज बाकीच्यांच्या चपला कुणी बघितल्या?"

विश्वंभर बाहेर पडला आणि आल्या वाटेने झपाझप परत निघाला.

मठात पोचला तेव्हा प्रार्थना कधीच संपली होती, पण एकजण अजून चपलेसाठी खोळंबला होता. बुवा पायरीवर कापऱ्या हातांनी शेवटचा जोड पुसत होते. त्यांनी सरकून जागा करून दिली.

परिक्रमेची गोष्ट पुन्हा निघाली नाही. ती काठी वालाच्या वेलाला टेकू म्हणून गेली. विश्वंभर उघड्या पंजाने तळ दाबू लागला. त्यात वेळ जाई, म्हणून प्रवचनं आधी उशिरा होऊ लागली आणि मग बंदच पडली. लांबून येणारी माणसं येईनाशी झाली. पायरीशी थबकून त्याला नमस्कार करणारं आता कुणी नव्हतं. घामाचा वास बोटांना राही. त्याच हाताने तो जेवे.

वैशाखात कौतिकाबाई परतली. उजव्या पायात नवा बूट होता, पुढचा अर्धा भाग रबराने भरून काढलेला. काठी टेकत ती पायरीपाशी आली. आत मंडळी जमली होती. ती खाली बसली आणि तिने बूट काढला.

ओळीत ठेवला नाही. तो हातात धरून थोडा वेळ बसून राहिली. विश्वंभरची मान खाली होती.

मग तिने बूट त्याच्या हातात दिला आणि आत गेली.

विश्वंभरने बुटाचा तळ बाहेर काढला, पुसला, उन्हात ठेवला. वाळल्यावर आत बसवला. पंजा घातला आणि टाचेपासून दाबत नेला. काही लागलं नाही. त्याने पुन्हा दाबत नेला. मग तिसऱ्यांदा. प्रार्थना संपली. तेरा माणसं आपापले जोड घालून निघून गेली. कौतिकाबाई पायरीवर येऊन बसली. तरी त्याचा हात बुटातून निघेना.

चौथ्या वेळी शिवणीच्या कडेला बोटाला काहीतरी लागलं. खसखशीएवढा वाळूचा कण. त्याने तो नखाने सोडवला, तळहातावर घेतला आणि बुवांपुढे नेला. त्याचे डोळे भरून आले होते.

बुवांनी कणाकडे पाहिलंही नाही.

"मला काय दाखवतोस?" ते म्हणाले. "ती कधीची बसलीय… बूट दे तिला, चला म्हणावं."