तीन बैठकांची आठवण

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असं कोणी सांगू लागला तर त्याला खुशाल थापाड्या म्हणावं.

समुद्राला बांध घालून भात पिकवणारं एक गाव होतं. बांधाला एक लाकडी दार होतं. ओहोटीला दार उचलायचं, शेतातलं पाणी जाऊ द्यायचं. भरतीच्या आत दार पाडायचं आणि पाण्याने ते उचललं जाऊ नये म्हणून खुंटी ठोकायची. हे काम येसू करी. तिला नवरा नव्हता, शेत नव्हतं. बांधाजवळची झोपडी आणि दर घरामागे पायलीभर भात, एवढ्यावर तिचं चाले. दाराचं काम गेलं तर गावही सुटणार, हे तिला ठाऊक होतं आणि गावालाही.

गावात लिहिणारं कोणी नव्हतं. म्हणून तिथे आठवण बसवायची रीत होती. काही मोठं घडलं की तीन दिवस तीन बैठका. आधी सर्वांत म्हातारा बोले, मग वयाने उतरत बाकीचे. तिसऱ्या बैठकीत जे ठरेल, तेच घडलेलं. म्हातारे या रीतीवर फार खूश होते. का नसतील? पहिला शब्द त्यांचा.

एका उधाणाच्या दुपारी दार उघडं राहिलं. खारं पाणी आत शिरलं आणि पोटरीत आलेलं, कणसं बाहेर पडायच्या बेतातलं भात करपून गेलं.

पहिल्या बैठकीत सर्वांत म्हातारा म्हणाला, की बांधावर कोणीतरी दिसलं होतं, बहुधा बाई. त्याला दहा हातांवरची म्हैस दिसत नसे. पण तो खोटं बोलत नव्हता. दार म्हटलं की येसू, हे त्याच्या डोक्यात कित्येक वर्षं बसलेलं. डोळ्यांनी जे दिलं नाही, ते डोक्याने भरून काढलं. पाठोपाठच्या सगळ्यांना तेच आठवलं. दुसऱ्या बैठकीत त्या बाईच्या अंगावर लाल लुगडं आलं. येसूचं लुगडं लालच होतं.

खडकावर कालवं फोडणाऱ्या सोनकीने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की तिने जाळं घेतलेला पुरुष पाहिला. ऊन डोळ्यांवर होतं ना, मग पुरुषच कशावरून, असं म्हाताऱ्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, पुरुष असेल, नसेलही. तिसऱ्या दिवशी तिलाही लाल लुगडं दिसलं. तिला कोणी धमकावलं नव्हतं. बारा जणांचं एक झालं, की तेराव्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो.

येसू सुरुवातीला ठाम होती. दार आपण पाडलं, खुंटी आपण ठोकली, एवढंच ती सांगत राहिली.

"बाय, नीट आठव," सर्वांत म्हातारा अगदी मायेने म्हणाला. "तुला त्या दिवशीची खुंटी आठवते, की आदल्या दिवशीची?"

इथे ती अडकली. वर्षानुवर्षं रोज ठोकलेली खुंटी. त्यातली एक वेगळी काढून कोण दाखवणार? आज घरातून निघताना तुम्ही कडी घातली का, ते जरा आठवून बघा. आजचीच कडी हं, कालची नको.

दोन दिवस ती तेच उगाळत बसली. खुंटी ठोकायची राहिली असती तर कुठे पडली असती, हे तिने मनात आणून पाहिलं. जितक्यांदा आणलं, तितकी ती खुंटी स्पष्ट दिसू लागली. तिसऱ्या बैठकीत ती उठली.

"राहिली माझ्या हातून. दगडावर पडली होती. ओली होती."

म्हाताऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कोणी डोळे पुसले म्हणे. मग तिला एक मडकं आणि एक घोंगडी देऊन गावाबाहेर काढलं.

दीड महिन्याने दाराच्या खोबणीतला चिखल उपसताना फाटकं जाळं निघालं. कडेला निळा दोरा. तसा दोरा एकच घर वापरी, सर्वांत म्हाताऱ्याचं. त्याच्या जावयाने मासे आत यावेत म्हणून भरतीला खुंटी काढून दार उचललं होतं. पाण्याच्या जोरापुढे ते परत पडेना, तसा तो पळाला. तिन्ही बैठकांत तो मागे बसून मान हलवत होता.

"मी तर पहिल्याच दिवशी म्हणालो होतो," सर्वांत म्हातारा म्हणाला, "पुरुष होता म्हणून."

बाकीच्यांनाही तसंच आठवलं. लाल लुगडं कोणालाच आठवेना. जावयाला समज दिली आणि येसूला आणायला सोनकीला पाठवलं.

येसू डोंगरापलीकडच्या गावात लोकांचं भात कांडत होती. सोनकीने जाळ्याचं सगळं सांगितलं. येसूने मुसळ थांबवलं नाही.

"जाळं असेल गो," ती म्हणाली. "पण खुंटी मीच विसरले. मला दिसते ना ती, अजून दिसते. मी परत त्या दाराला हात कसा लावू?"

सोनकी एकटीच परतली. त्यानंतर दाराचं काम कोणी घेईना. उद्या बैठकीत कोणाला काय आठवेल, याचा भरवसा कोण देणार? तिसऱ्या वर्षी बांध फुटला. गाव पांगलं. म्हातारे जिथे गेले तिथे सांगत राहिले, की आम्ही शेवटपर्यंत येसूच्या बाजूने होतो. तेही खोटं बोलत नव्हते.

बोध असा: ठाम आठवतं म्हणून ते घडलेलं असतं असं नाही, आणि ज्याला उलट विचारायची कोणाची हिंमत नाही, त्याची आठवण सर्वांत आधी तपासावी.