पुरलेली घंटा

सर्व धर्मांची प्रजा समान, असं फर्मान निघालं. पण सुलतान राहिला इस्तंबूलला आणि गावावर राज्य पाशाचं! तो चर्चची घंटा वाजवू देईना. म्हातारा आर्मेनियन सुतार गारबिस झुरत होता; आजोबांनी बंदीच्या काळात अंगणात पुरलेली ती घंटा त्याने जन्मात ऐकली नव्हती.

एके दिवशी पाशाने त्याच्यापुढे कागद सरकवला. "घंटा वाजते, अशी साक्ष दे. फर्मान पाळलं जातंय, हे दाखवायला सुलतानाला पाठवायचीय."

"हुजूर, कानांनी न ऐकलेल्याची साक्ष तुमच्याच कचेरीत चालत नाही. सुलतानाला कशी चालेल?"

झक मारत पाशाने घंटा उकरून टांगायला लावली. ती घणघणली, तशी त्याने लेखणी पुढे केली.

गारबिसचे डोळे मिटलेले होते. "जरा थांबा हुजूर," तो पुटपुटला, "आजोबा ऐकतायत."