चाळीस काळे धागे

मोरतळे नावाच्या गावी एक बाई राहायची. नाव तिचं चिमाक्का. अंगानं एवढीशी, पण आवाज असा की वेशीत बोलली तर तळ्यावरचे बगळे उडायचे. गावची दवंडी तिच्याकडे होती. कुणाची म्हैस हरवली, बाजाराचा दिवस बदलला, की चिमाक्का हलगी अडकवायची आणि गल्लीगल्लीतून ओरडत जायची, "ऐका हो ऐका!"

मोरतळे हे विणकरांचं गाव. चाळीस घरं आणि चाळीस माग. साड्या अशा विणायचे की बघणाऱ्यानं हात फिरवल्याशिवाय पुढं जाऊ नये. पण गंमत बघा, गावातल्याच बायका नाक मुरडायच्या. "गावठी साडी नको गं बाई, आम्हाला राजधानीची हवी!" गावातल्या वीरचंद शेठनं हे बरोबर हेरलं होतं. तो मोरतळ्याच्याच साड्या कवडीमोलानं घ्यायचा, नवी घडी घालायचा, वर राजधानीच्या दुकानाची चिठ्ठी लावायचा. मग तीच साडी मोरतळ्याच्या बायका नटून मिरवायच्या. विणणारी भिंतीपलीकडे बसलीय, हे नेसणारीच्या गावीही नसायचं. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

गावात एक जुनी रीत होती. साडी फार देखणी झाली तर तिला दृष्ट लागते, म्हणून प्रत्येक विणकर काठात एक काळा धागा सोडायचा. कुठं सोडायचा, ती जागा घराघराची ठरलेली. रघूतात्यांच्या घरचा धागा पदराच्या अगदी कोपऱ्यात, तर सारजाच्या घरचा तिसऱ्या फुलाखाली. इतर कुणाला तो दिसायचाही नाही. चिमाक्काला मात्र सगळ्या जागा पाठ होत्या. उभा जन्म मागांजवळ बसून गप्पा छाटलेल्या, दुसरं काय! ती काठावरून बोट फिरवायची आणि सांगून टाकायची, ही अमक्याची, ही तमक्याची.

यातली सारजा चिमाक्काच्या शेजारी राहायची. आई गेल्यावर एकटी पडलेली पोर. चिमाक्कानं तिला आपल्या ताटातलं भरवून वाढवलं होतं. एके सकाळी सारजा येऊन उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आक्का, मी माग मोडते. राजधानीत जाऊन धुणीभांडी करीन. माझ्या साडीला कोण विचारतंय?"

चिमाक्का तिच्याजवळ येऊन बसली. पण ती बोलली मात्र ठसक्यात. "विचारतील कसं? तुझं नाव कुणाला ठाऊक आहे?"

दुसऱ्या दिवशी गावानं वेगळीच दवंडी ऐकली. "ऐका हो ऐका! गोंदूअण्णांची म्हैस सापडली हो! आणि काल पाटलीणबाई जी जांभळी साडी नेसल्या होत्या, ती आपल्या सारजानं विणली हो!"

पाटलीणबाई तरातरा चालत आल्या. "काहीतरीच काय बोलतेस? ती राजधानीची आहे!"

"बाईसाहेब, तिसऱ्या फुलाखाली काळा धागा आहे का, ते तेवढं बघा."

पाटलीणबाईंनी घरी जाऊन बघितलं. धागा होता. त्या आधी रागावल्या, मग खूप वेळ काठाकडे बघत बसल्या. संध्याकाळी त्या स्वतः सारजाच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "पोरी, हात सोन्याचे आहेत गं तुझे." सारजा आपल्याच हातांकडे बघत राहिली. आजवर तिला असं कुणी म्हटलंच नव्हतं.

त्या दिवसापासून चिमाक्काच्या दवंडीत रोज एक नाव यायला लागलं. आज रघूतात्यांचं, उद्या आणखी कुणाचं. विणकर आधी लाजले. "अगं, कापडाला कधी नाव असतं का?" म्हणायचे. हळूहळू ते ताठ मानेनं चालायला लागले. बायकाही पाणवठ्यावर एकमेकींना विचारायला लागल्या, "तुझी कुणाची गं? माझी रघूतात्यांची!"

पण एका गावाच्या नेसण्यावर चाळीस माग किती दिवस चालणार? सारजा म्हणाली, "आक्का, दसऱ्यापर्यंत वाट बघते. मग मात्र जाते."

अशात बातमी आली, राणीसाहेबांच्या लेकीचं लग्न ठरलंय आणि वाड्यावर साड्यांची निवड आहे. चिमाक्कानं सारजाची धरून गावातल्या निवडक बारा साड्या गाठोड्यात बांधल्या, सारजाला बरोबर घेतलं आणि ती राजधानीला चालत गेली. वाड्यावर मोठमोठे व्यापारी बसले होते. वीरचंद शेठही मोरतळ्याचा आणि इतर गावोगावचा माल घेऊन आला होता, आणि गाठोडी दिवाणखान्यात ठेवून जेवायला गेला होता.

राणीसाहेबांच्या मैत्रिणी मोरतळ्याचं नाव ऐकून हसल्या. चिमाक्कानं मनावर घेतलं नाही. तिनं एका साडीचीही तारीफ केली नाही. ती फक्त माणसं सांगत गेली. "ही रघूतात्यांची. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांचं सगळं ध्यान बोटांत. ही काशीमावशीची. नातवाला पाळण्यात झोपवत विणलीय, हिचा पोत बघा कसा मऊ आलाय." राणीसाहेब ऐकता ऐकता पुढं सरकून बसल्या. आजवर त्यांना साडी दाखवणारे पुष्कळ भेटले होते, विणणारी माणसं दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं.

साड्या उलगडून दाखवताना दासींच्या हातून शेजारचं वीरचंद शेठचं गाठोडंही सुटलं आणि ढीग एकमेकांत मिसळले. राणीसाहेबांनी त्यातून एक साडी उचलली. केळीच्या कोवळ्या पानाच्या रंगाची. त्यांचे डोळे लकाकले. "वा! बाई, ही मोरतळ्याची आहे ना? तसं असेल तर लग्नाचं सगळं कापड मी तुझ्याच गावाकडून घेते. हो म्हण, की ठरलं!"

सारजानं आक्काचा पदर धरला. सगळं कापड म्हणजे चाळीस मागांना वर्षभराचं काम. मग कुणालाच गाव सोडायला नको होतं.

चिमाक्कानं साडी हातात घेतली. काठावरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. तिसऱ्या फुलाखाली बघितलं, पदराचा कोपरा बघितला. चाळीसही जागा बघून झाल्या. काळा धागा कुठंच नव्हता. तिनं सारजाकडे बघितलं. पोरीचे डोळे नुसते विनवत होते. नुसतं "हो" म्हणायचं होतं, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

चिमाक्काचा तो वेशीवरचा आवाज त्या दिवशी कसाबसा बाहेर पडला. "नाही, राणीसाहेब. ही आमची नाही. ही कुठल्या गावाची, मला ठाऊक नाही. पण तिथंही कुणीतरी मान मोडून विणलीच असेल ना? त्याचं नाव मी माझ्या गावाला कसं लावू?"

राणीसाहेबांनी साडी परत घेतली. "बरं," एवढंच म्हणाल्या. मोरतळ्याच्या बारा साड्या त्यांनी ठेवून घेतल्या आणि दोघींना निरोप दिला.

परतीच्या वाटेवर सारजा झपझप पुढं चालत राहिली. गावाची वेस दिसली तेव्हा तिचा बांध फुटला. "आक्का, एक शब्द गं! एक शब्द बोलली असतीस तर मी तुझ्याजवळ राहिले असते!"

"मला ठाऊक आहे गं," चिमाक्का म्हणाली आणि तिथंच दगडावर बसून रडली. "पण तुझं नाव मी याच तोंडानं घेते. ते तोंड खोटं झालं, तर तुझ्या नावाला काय किंमत राहील?"

सारजानं ऐकून घेतलं, पण दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी माग सोडायला घेतला. एकेक लाकूड भिंतीला टेकवत होती. चिमाक्का शेजारी बसून मुकाट्यानं दोऱ्या गुंडाळत होती. दोघींनाही एकमेकींकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात गावात बैलगाड्या शिरल्या. एक नाही, चांगल्या आठ. उतरणारी माणसं विचारत होती, "ऐकू न येणारे रघूतात्या कुठं राहतात? काशीमावशींचं घर कुठलं? सारजाताई कोण?"

झालं होतं असं, की लग्नात राणीसाहेबांनी बाराही साड्या विणणाऱ्यांची नावं घेऊन पाहुण्यांना भेट दिल्या. "नावं खरी कशावरून?" कुणीतरी विचारलं. तेव्हा राणीसाहेब म्हणाल्या, "जी बाई सगळ्या लग्नाचं कापड समोर असताना 'ही आमची नाही' म्हणाली, ती ज्या साडीला आमची म्हणेल, ती तिचीच असणार." मग काय, त्याच पाहुण्यांनी साड्या घ्यायला या गाड्या धाडल्या. आणि त्या हिरव्या साडीचा विणकरही त्यांनी माणसं पाठवून शोधून काढला होता, बरं का! दूर नदीपलीकडच्या गावी एक म्हातारा होता. त्यालाही उभ्या जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी नाव विचारलं.

सारजाचा माग त्याच दुपारी पुन्हा उभा राहिला. चिमाक्कानं गुंडाळलेल्या दोऱ्या पुन्हा सोडल्या, आणि सोडताना तिच्या तोंडाची टकळी काही केल्या थांबेना.

पुष्कळ वर्षं गेली. चिमाक्का म्हातारी झाली. डोळ्यांना दिसेना आणि तो आवाजही बसला. हलगी खुंटीला टांगून ती ओट्यावर बसायची. एक दिवस सगळे विणकर तिच्या दारात आले. सारजानं तिच्या मांडीवर एक साडी ठेवली.

चिमाक्कानं सवयीनं काठावर बोट फिरवलं. "ही रघूतात्यांची," ती म्हणाली. मग थबकली. "नाही, काशीच्या घरची. अगं, हा तर सारजाचा धागा!" बोट पुढं पुढं जात राहिलं आणि ती नावं घेत राहिली. चाळीस घरांचे चाळीस काळे धागे एकाच काठात होते. "हे काय गं? मग साडी आहे तरी कुणाची?"

सारजानं खुंटीवरची हलगी काढली. तिनं आजवर कधी वाजवली नव्हती. दोन-चार ठोके चुकलेच. तरी ती अंगणात उभी राहून ओरडली, "ऐका हो ऐका! ही साडी चिमाक्काची हो! आमच्या चिमाक्काची!"

चिमाक्कानं साडी छातीशी धरली. गालांवरून पाणी वाहत होतं. "अगं, जरा मोठ्यानं ओरड," ती पुटपुटली, "तळ्यावरचा एक बगळासुद्धा उडाला नाही."

तात्पर्य: ज्याचं काम त्याचं नाव, हे नुकसान सोसूनही जो सांगतो, त्याच्या शब्दाला मोल येतं, आणि दुसऱ्यांची नावं जपणाऱ्याचं नाव लोक आपणहून जपतात.