दहा गाड्यांचा गट

मुलांनो, सागाच्या एका जंगलात एक सिंह राहत असे. त्याने गाड्या बनवण्याचा मोठा कारखाना काढला होता. तिथे गाडी रुळांवरून सतत पुढे सरकत राही आणि ती समोर आली की प्रत्येक प्राणी आपले ठरलेले एकच काम करी. सुतारपक्षी भोके पाडी, माकड त्यांत खुंट्या ठोकी, अस्वल जड चाके उचलून बसवी आणि सुगरण बैठक विणी. लांडगा त्यांचा मुकादम होता. कोणी दम खायला थांबले की तो कडकडून चावे. एके दिवशी त्याने सुगरणीचा पंख ओरबाडला, तेव्हा अस्वलाने हातातले चाक खाली ठेवले आणि ते रुळांवरच बसले. ते पाहून बाकीचेही त्याच्याशेजारी येऊन बसले. तीन दिवस एकही गाडी बाहेर पडली नाही.

सिंहाने घाबरून कोल्ह्याला कारभारी नेमले. कोल्ह्याने सर्वांदेखत लांडग्याला हाकलले. मग तो गोड आवाजात म्हणाला, "आजपासून इथे मुकादम नाही. तुम्ही चौघे एक गट, आणि तुमचे मुकादम तुम्हीच! काही अडले तर हा दोर ओढा, गाडी थांबेल. रोज दहा गाड्या झाल्या की चौघांना पोटभर शिधा. एक जरी कमी पडली, तर चौघांनाही अर्धाच." माकडाने आनंदाने कोलांटी मारली. एवढा मान त्यांना आजवर कोणी दिला नव्हता.

पुढे एकदा चाक निसटून अस्वलाच्या पंज्यावर पडले. त्याने दोर ओढला, गाडी थांबली, सुगरणीने पंज्याला पाला बांधला. त्या दिवशी नऊच गाड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी आठ. अर्ध्या शिध्यावर चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अस्वलाचा हात पुन्हा दोराकडे गेला, तेव्हा माकडाने त्याचे मनगट धरले.

"अस्वलदादा, ओढू नकोस. माझी पिल्ले काल उपाशी झोपली."

"अरे, पंजाच उचलत नाही."

"मग आमच्या पिल्लांनी काय खायचे?" सुगरण मान वर न करता म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिघे कोल्ह्याकडे गेले. कोल्ह्याने डोळे पुसले. "अरेरे, किती भला प्राणी! पण मी मध्ये बोलणारा कोण? गट तुमचा, निर्णयही तुमचाच."

शेवटी सुतारपक्ष्याने अस्वलाला सांगितले, "दादा, उद्यापासून तू येऊ नकोस."

"असे कोल्हा म्हणाला का?"

"नाही. आम्हीच ठरवले."

लांडग्याच्या दातांनाही न घाबरलेले ते अस्वल त्या तीन शब्दांनी खचले. ते लंगडत झाडीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अस्वलाच्या जागी कोणीच आले नाही. "तुम्ही तिघे किती कामसू!" कोल्हा म्हणाला. "नवा गडी कशाला हवा? गाड्या मात्र दहाच हं." आता चाकेही तिघेच ढकलू लागले. महिनाभरात सुतारपक्ष्याची चोच तडकली. त्याने ते कोणाला सांगितले नाही. डोळ्यांत पाणी आले तरी तो भोके पाडत राहिला. पण माकड वळून वळून त्याच्या चोचीकडे पाही आणि सुगरण मनातल्या मनात भोके मोजी. त्यांनी बोलण्याची वाटही सुतारपक्ष्याने पाहिली नाही. एका सकाळी त्याची जागा रिकामी दिसली.

गाडी नेहमीसारखी पुढे सरकत आली. माकड आणि सुगरण कामाला लागली; पण कामापेक्षा दोघांचे लक्ष एकमेकांच्या हाता-चोचीकडेच होते. आणि कोल्हा सावलीत निवांत झोपला होता.

तात्पर्य : धन्याने स्वतःचा चाबूक आपल्या हाती दिला, म्हणून आपण धनी होत नाही; तो पडतो आपल्याच सोबत्याच्या पाठीवर.