पट्टेरी शंख

फार फार वर्षांपूर्वी नदीतल्या एका बेटावर गोगलगायी राहत असत. काहींचे शंख पिवळे होते, काहींचे पट्टेरी. एकदा महापुरानं सारं बेट धुऊन नेलं. उंबरावर चढलेल्या सात जणी तेवढ्या वाचल्या आणि त्या साती पिवळ्या होत्या.

पुढं पिल्लंही पिवळीच निपजली. “पट्टेरी दुबळ्या होत्या, म्हणून बुडाल्या,” असं सगळे म्हणू लागले. मग एके वर्षी पिवळ्यांच्याच अंड्यातून एक पट्टेरी पोर बाहेर आली.

“हिला हाकला! ही आपला वंश बुडवील,” म्होरक्या म्हणाला.

त्या सातांतली एकटी म्हातारी सोनाई उरली होती. ती सावकाश पुढं आली. “अरे, माझी थोरली बहीण पट्टेरी होती. माझ्याहून चपळ आणि चिवट. त्या दिवशी मी शेवाळ खायला झाडावर चढले आणि ती खाली पाल्यात राहिली. पाण्यानं ना रंग पाहिला, ना बळ.”

“म्हणजे आपण वाचलो, त्यात आपलं कर्तृत्व काहीच नाही?” म्होरक्यानं विचारलं.

“काहीच नाही, बाळा.”

मग म्होरक्या आपल्या पानावरून थोडा बाजूला सरकला, आणि भुकेली पोर त्याच्या शेजारी येऊन पान खाऊ लागली.