उत्तरेचा बांध

एकदा एका शिष्याने गुरूला न विचारता सागाची अठरा रोपं लावली, आणि तीही मोठ्या हुशारीने लावली.

शिष्याचं नाव केरबा. वय तिशीच्या पुढे, पदरी दोन एकर रान आणि डोक्यात एकच ध्यास, की आपल्या रानात इमारती लाकूड उभं करायचं. गावाला हा ध्यास म्हणजे चेष्टेचा विषय होता. "ज्वारी चार महिन्यांत घरात येते. साग तुझ्या नातवाला येईल," असं म्हणणारे होते. "झाडं वाढली की सरकार रान घेतं," असं छातीठोकपणे सांगणारेही होते. कुणाचं घेतलं, हे मात्र त्यांना सांगता येत नसे. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, "आपल्या मातीला साग सोसत नाही. तुझ्या बापाची अकरा झाडं आठ वर्षांची होऊन उभ्या उभ्या वाळली, विसरलास काय?" केरबा तेव्हा लहान होता. वडील त्या झाडांविषयी कधी बोलले नाहीत आणि न बोलताच गेले.

गावाबाहेर टेकाडाखाली एक वृद्ध राहत असे. साऱ्या आयुष्यात त्याने रोपवाटिकाच सांभाळली होती. लोक त्याला अण्णा म्हणत. केरबा तीन वर्षं त्याच्याकडे जाऊन शिकला. बी कसं रुजवायचं, रोप कधी हलवायचं, कोणती फांदी छाटायची आणि कोणती राखायची, हे सगळं त्याने आत्मसात केलं. अण्णा फार थोडं बोलत. केरबा पुष्कळ बोलत असे, त्यामुळे दोघांचं बरं जमलं.

शिकता शिकता केरबाच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या उत्तरेला लांबतात. शेतकरी झाडाला भितो तो या सावलीपायी, कारण सावलीत कणीस भरत नाही. मग केरबाने काय करावं? त्याने अठराच्या अठरा रोपं आपल्या रानाच्या अगदी उत्तरेकडच्या बांधावर लावली. बांधापलीकडे त्याचा चुलतभाऊ हिंदुराव शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, करीत असे.

"साग आपला, सावली दादाची!" संध्याकाळी पारावर केरबाने सांगून टाकलं. माणसं खो खो हसली. तीन वर्षांत पहिल्यांदाच गाव त्याला न हसता त्याच्याबरोबर हसलं, आणि त्याला ते फार गोड लागलं. हिंदुरावही तिथेच बसला होता. तो हसला नाही. धोतर झटकून उठला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. पाऊस भुरभुरत होता, डोक्यावर इरलं होतं. केरबाने उत्साहाने सगळी ओळ दाखवली.

"हाच बांध का निवडलास?" अण्णांनी विचारलं.

केरबाने सूर्य, सावली, दिशा, सगळं सविस्तर समजावून सांगितलं. अण्णांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "तुझं गणित बरोबर आहे. सावली पलीकडेच पडेल," ते म्हणाले. मग त्यांनी खुरपं मागून घेतलं, गुडघ्यांवर बसले आणि पहिलं रोप मुळांसकट, मातीच्या गोळ्यासकट उपटून पाटीत ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं.

केरबाला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "अण्णा, अवं काय करताय? कालच लावल्यात!"

अण्णांनी चौथं उपटलं, मग पाचवं. सहाव्या रोपाला मात्र केरबाने त्यांचं मनगट धरलं. "तीन वर्सं तुमच्या दारात राबलो ते ह्याच्यासाठी? गाव हसतंय, त्यात आता तुमीबी?" गुरूवर इतका राग त्याला कधीच आला नव्हता.

अण्णांनी हात सोडवून घेतला नाही. "तुझ्या वडिलांची अकरा झाडं कोणत्या बांधावर होती?"

"ह्याच."

"ती मातीने वाळली नाहीत, केरबा. प्रत्येक बुंध्याची साल जमिनीलगत वीतभर गोल सोलून काढली होती आणि वर चिखल लिंपला होता. तो चिखल मी स्वतःच्या नखांनी खरवडून पाहिला आहे. तुझे वडील माझ्या शेजारीच उभे होते."

"मग बा गप का बसला?"

"कारण त्या हिवाळ्यात पलीकडच्या शाळूत दाणा भरला नव्हता, आणि तेही त्यांनी पाहिलं होतं." अण्णांनी खुरपं खाली ठेवलं. "ज्वारीला चार महिने राखण लागते. पाखरं हाकलली की भागलं. सागाला वीस वर्षं राखण लागते, आणि वीस वर्षं कुणी जागं राहत नाही. ती राखण शेजारीच करतो, नाहीतर कुणीच करत नाही. ज्याच्या ताटातला घास तुझं झाड दर हिवाळ्याला उचलणार, तो किती वर्षं हात आवरील? तू सूर्य नीट पाहिलास, माणूस पाहायचा राहिला. लाकूड तुझं हवं असेल तर सावलीही तुझ्याच रानात पडू दे."

केरबाने दक्षिणेकडे पाहिलं. तिकडच्या बांधाला लागून ओढा होता. पलीकडे कुणाचंच पीक नव्हतं. तो त्या बांधापर्यंत गेला आणि तिथून आपल्याच रानात पावलं टाकत आत आला. हिवाळ्यात सावली जिथवर पोचेल तिथवर बारा पावलं झाली. बारा पावलं रुंदीचा, सबंध लांबीचा पट्टा, आणि तोही चांगल्या काळ्या जमिनीचा. दोन एकरवाल्याला ही गोष्ट लहान नसते. रोपं ओढ्यात फेकून द्यावीत आणि गाव म्हणतं तेच खरं, असं म्हणून मोकळं व्हावं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

तो परत आला तेव्हा त्याचं मनाशी ठरलं होतं. "ह्या पट्ट्यात हळद करीन. हळदीला सावली सोसती," तो म्हणाला. "जाईल तेवढं जाईल. पर साग हुणार." आणि त्याने खुरपं उचललं. "तुमी उठा आता. चिखलात बसायचं वय न्हाई तुमचं."

हिंदुराव मघापासून आपल्या रानात कुदळीवर हात टेकून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. उरलेली रोपं काढून केरबा पाटी उचलून ओढ्याकडच्या बांधाकडे निघाला, तसा तो बांध ओलांडून आला. मान खालीच होती.

"केरबा, ती साल म्या काढली व्हती. काकानं वळखलं व्हतं. मला एक शबूद बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं."

केरबाची मूठ खुरप्यावर आवळली. एवढी वर्षं सगळं गाव त्याच्या मातीला नावं ठेवत आलं होतं, आणि खरं काय ते या माणसाला ठाऊक होतं. त्याला संताप आला, आणि का येऊ नये? अण्णा मध्ये पडले नाहीत. गुरूने गप्प बसावं असेही काही प्रसंग असतात.

"दादा, खरं सांग," केरबा म्हणाला, "ह्याबी येळंला काढली असतीस?"

"काल तू पारावर हसलास," हिंदुराव म्हणाला, "त्याच सांजंला कोयत्याला धार लावली."

केरबाने पाटी खाली ठेवली. "कुदळ आन," तो म्हणाला. "अठरा खड्डे हायेत. माझ्या एकट्यानं दिवस मावळंस्तवर हुणार न्हाईत."

हिंदुराव कुदळ आणायला वळला. अण्णांनी इरलं डोक्यावर घेतलं आणि घरची वाट धरली.

आपणही काही लावायला निघतो तेव्हा माती पाहतो, पाणी पाहतो, ऊन पाहतो; त्याची सावली कुणाच्या पिकावर पडणार आहे, हेही एकदा पाहून घ्यावं.